एका घोटाला एक खबर

तिचं खरं नाव त्या वृद्धाश्रमात कुणाला ठाऊक असेल तर पगार काढणाऱ्या कारकुनाला. बाकी सगळ्यांसाठी ती घोटताई. "एक घोट घ्या बरं", "अजून एकच", "माझ्यासाठी एक", अशी तिची टकळी दिवसभर चालू असायची, म्हणून घोटताई. नाव कुणी पाडलं तेही आता कुणाला आठवत नाही. पाडणारा केव्हाच गेला असणार. तिथे माणसं येतातच मुळी जाण्यासाठी.

काम सांगायला सोपं आणि करायला महाकर्मकठीण. म्हातारपणी माणसाला तहान लागलेली कळत नाही. जीभ कोरडी पडते, डोकं भरकटतं, सकाळी धड बोलणारा माणूस संध्याकाळी पोटच्या मुलाला "तुम्ही कोण?" विचारतो, आणि घरचे म्हणतात, वय झालं. वय कसलं डोंबलाचं, पाणी कमी पडलंय! पण पाजायला जावं तर उत्तर ठरलेलं: "नको गं, मला तहान नाही." कुणी पेला ढकलतं, कुणी ओठ घट्ट मिटतं, कुणी पाणी तोंडात धरून ठेवतं आणि हिची पाठ फिरली की उशीवर सोडून देतं. घोटताई कामाला लागली त्याच दिवशी एका जुन्या आयाबाईने तिला सांगून ठेवलं होतं, की इथे "नको"चा अर्थ "हवंय" असाच धरायचा. तिने तो जन्माचा धरला. हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत पकडून सोडायची. चटकन खाली बसली तर ठीक, तशीच उभी राहिली तर पेला पुढे करायचा. हे चिमटे काढायची तिला इतकी सवय झाली होती, की बसमध्ये शेजारी कुणी म्हातारं माणूस बसलं तर ती आपले हात मुद्दाम पिशवीखाली दाबून ठेवायची. न जाणो, एखाद्याला काढला चिमटा तर नसती पंचाईत!

आणि दमणुकीचं तर विचारूच नका. एका टोकाच्या खोलीपासून दुसऱ्या टोकापर्यंत पाणी पाजत जायचं, तोवर पहिल्या खोलीतली जीभ पुन्हा कोरडी. पायांचे तुकडे पडायचे. खोल्याखोल्यांतून भेटायला येणाऱ्यांसाठी खुर्च्या होत्या, पण त्या कामवाल्यांसाठी नव्हेत. नियम नव्हता कुठला, रीत होती. घोटताई उभ्याने पाजायची, उभ्याने बोलायची, उभ्याने चहा प्यायची. घरी गेल्यावर नवरा म्हणायचा, "बस की जरा." तर ती म्हणायची, "बसले तर उठणार नाही." आणि खरंच होतं ते.

त्या वृद्धाश्रमातल्या कोपऱ्यातल्या खोलीत ऑपरेटरबाई राहायच्या. उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून लोकांचे फोन जोडून दिलेली बाई. लग्न केलं नाही. एक भाचा होता, तो लांबच्या शहरात, वर्षातून एकदा येऊन घाईघाईने जाणारा. झोपेतून उठवलं की त्या डोळे न उघडताच म्हणायच्या, "नंबर?" नको असलेलं माणूस दारात दिसलं की उशीत मान वळवायच्या, "लाइन बिझी आहे." जीभ अशी तिखट, की नवीन आया त्यांच्या खोलीत जायचं टाळायच्या. घोटताईला मात्र त्या आवडायच्या. निदान खोटंखोटं गोड तरी बोलत नव्हत्या.

त्यांच्या खिडकीत एक ऑर्किड होतं. स्वतःसाठी स्वतःच विकत आणलेलं, निवृत्त झाल्यावर. जाडजूड हिरवी पानं, बारीक दांडा, त्यावर पांढरी फुलं, आणि फुलांच्या गळ्याशी जांभळे ठिपके. पारदर्शक प्लास्टिकच्या भोकं पाडलेल्या कुंडीत ते बसलेलं. आत माती नाही, नुसते झाडाच्या सालीचे तुकडे. बाईंना भेटायला कुणी येवो न येवो, त्याच्याशी त्यांचं तासन् तास चालायचं. मग एकदा शेजारच्या खोलीतल्या आजी कुणाच्या तरी कुंडीतून सांडलेल्या पाण्यावरून घसरल्या, हात मोडला, आणि मेट्रनने फर्मान काढलं: यापुढे एकाही खोलीत कुंडी नको. बाकीच्यांनी कुरकुर केली. ऑपरेटरबाई त्या दिवशी जेवल्याच नाहीत.

"मी नेते बाई घरी," घोटताई म्हणाली. "खिडकी आहे आमच्याकडे. रोज येऊन सांगेन कसं आहे ते."

"फार पाणी घालू नकोस त्याला," बाईंनी बजावलं.

घोटताईने मान हलवली. मान हलवायला काय लागतं?

त्यातूनच त्यांचा व्यवहार सुरू झाला. ऑपरेटरबाई पाणी पिण्यात सगळ्यांत कठीण. दोन दोन तास विनवण्या कराव्यात आणि त्यांनी ओठसुद्धा ओले करू नयेत. पण दुसऱ्या दिवशी घोटताई खोलीत शिरली तशा त्या उशीवर कोपर टेकून उठल्याच. "कसं आहे?"

"आधी एक घोट."

"आधी खबर."

"बाई, आधी घोट, मग खबर."

बाईंनी तिच्याकडे रागाने बघितलं, पेला हिसकावून घेतला आणि प्यायल्या. घोटताईचा जीव भांड्यात पडला. "खिडकीत ठेवलंय, ऊन थेट येत नाही. फुलं सगळी आहेत." त्यावर अजून एक घोट गेला, कारण बाईंना विचारायचं होतं की खिडकी कुठल्या दिशेची. मग हेच ठरून गेलं. एका घोटाला एक खबर. पेला संपेपर्यंत घोटताई झाडाच्या पानापानाचं वर्णन करायची, आणि ऑपरेटरबाईंचा रंग महिन्याभरात असा सुधारला की डॉक्टरसुद्धा म्हणाले, काय औषध दिलंत?

आता घरी काय झालं ते ऐका. घोटताईला ती प्लास्टिकची कुंडी अगदीच दरिद्री वाटली. एवढं राजबिंडं झाड आणि डबा असला? नवऱ्याच्या सलूनमध्ये आरशाखाली एक चिनीमातीची निळी कुंडी रिकामी पडली होती, ती तिने घासूनपुसून घरी आणली आणि झाड डब्यासकट तिच्यात बसवलं. शोभून दिसलं. कुंडीच्या तळाला भोक नव्हतं, पण त्याचं तिला बरंच वाटलं, सांडलवंड नको. आणि पाणी? "फार घालू नकोस" हे वाक्य ती रोज दहा तोंडांतून ऐकत होती. आपल्या तहानेबद्दल म्हातारी माणसं जे बोलतात तेच बाई झाडाबद्दल बोलल्या, असं तिने गृहीत धरलं. सकाळी निघताना पेलाभर, संध्याकाळी आल्यावर पेलाभर. जिथे लोकांना पाजून पाजून हात दुखतात, तिथे हे झाड बिचारं एका शब्दाने नको म्हणत नव्हतं. घळाघळा प्यायचं. तिला त्याचं कौतुकच वाटलं.

फुलं गळली. बाई म्हणाल्या, गळणारच, वेळ झाली होती. मग पानं मऊ पडली. चकचकीत जाड पानांवर सुरकुत्या आल्या आणि ती कडेने लोंबायला लागली. घोटताईने पान चिमटीत धरलं, सोडलं. सुरकुती तशीच. अगं बाई, म्हणाली, हे तर सुकतंय! आणि तिने दुपारच्या पाण्याचं काम नवऱ्यावर सोपवलं.

जितकं पाणी घालावं तितकं ते जास्त सुकत चाललं. तिच्या नाकी नऊ आले. तिकडे रोज ऑपरेटरबाई कोपरावर उठून विचारायच्या, "कसं आहे?" आणि इकडे ही पेला पुढे करून सांगायची, "मस्त आहे हो. पानं अशी टवटवीत!" खोटं बोलणं तिच्या अंगात नव्हतं. मान लाल व्हायची, नजर पलंगाच्या पायाकडे जायची. पण सांगणार काय? झाड मेलं म्हणून सांगितलं की बाई पेल्याला तोंड लावणार नाहीत, आणि बाईंनी पाणी सोडलं की पुढे काय होतं ते घोटताईने त्या इमारतीतल्या जवळजवळ प्रत्येक खोलीत बघितलेलं होतं. झाडासाठी तिचा जीव तुटत होता तो काही फुलांच्या हौसेपायी नव्हे. ते झाड म्हणजे बाईंचा घोट होता.

एके दिवशी बाईंनी पेला हातात घेतला आणि तसाच मांडीवर ठेवला.

"उभी हयात लोकांचे आवाज ऐकलेत मी," त्या म्हणाल्या. "नवरा बायकोला सांगायचा ऑफिसात आहे, आणि मला आवाजावरून कळायचं कुठून बोलतोय ते. तू किती दिवस खोटं बोलतेयस?"

घोटताईच्या तोंडचं पाणी पळालं. "नाही हो बाई..."

"किती पाणी घालतेस त्याला?"

"थोडंसंच."

"थोडंसं म्हणजे?"

"म्हणजे पेलाभर. सकाळी. आणि संध्याकाळी. आणि दुपारी ह्यांच्या लक्षात राहिलं तर..."

बाईंनी डोळे मिटले. "मी तुला काय सांगितलं होतं?"

"फार घालू नकोस."

"मग?"

"मला वाटलं, तुम्ही आपलं असंच म्हणताय. सगळे म्हणतात तसं."

मग ऑपरेटरबाई हसायला लागल्या. त्या हसायच्या म्हणजे फार क्वचित. हसता हसता ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, घोटताईने पाठीवरून हात फिरवला तरी हसणं थांबेना. "म्हणजे तू त्याला पण आमच्यातच धरलंस! अगं, नको म्हणतो तेव्हा कधी कधी माणसाला खरंच नको असतं."

घोटताईला रडूच कोसळलं, आणि रडता रडता तिने बिनभोकाच्या निळ्या कुंडीचंही सांगून टाकलं. बाईंनी तिला दरडावलं, रडू नकोस, ऐक. झाड कुंडीतून काढ. मुळं बघ. टणक असतील ती ठेव, चिखलासारखी झाली असतील ती कापून टाक, दया करू नकोस. जखमांवर दालचिनीची पूड लाव. दिवसभर उघडं सुकू दे. मग कोरड्या सालीत बसव, त्याच जुन्या डब्यात, भोकं असलेल्या. ती तुझी निळी कुंडी दे फेकून.

"मुळं सडली की पानाला पाणी पोचत नाही," त्या म्हणाल्या. "पान तहानेनेच सुकतं, पण कुंडी काठोकाठ भरलेली असते. वरून ओतून काय होणार?"

"आणि मग काय करायचं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. ठेवायचं आणि सोडून द्यायचं. जमेल तुला?" एवढं बोलून त्यांनी पेला उचलला आणि रिकामा केला. "ही खरी खबर होती. खऱ्या खबरेला अख्खा पेला."

संध्याकाळी घोटताईने झाड उपसून काढलं तेव्हा निळ्या कुंडीच्या तळाशी साठलेल्या पाण्याचा असा कुबट वास सुटला की तिने नाकाला पदर लावला. मुळं तपकिरी, लिबलिबीत. दाबली की साल निघून यायची आणि आत नुसता दोरा राहायचा. ते बघून तिने हात टेकले. "अहो," तिने नवऱ्याला हाक मारली, "तुमची कात्री आणा."

नवरा सलूनवाला. दिवसभर उभं राहून पोटऱ्यांच्या शिरा फुगलेल्या, दुकानात गिऱ्हाइकाशी बडबड बडबड आणि घरी आला की मौनव्रत. पण कात्रीच्या बाबतीत माणूस काटेकोर. त्याने ती स्पिरिटने पुसली, टेबलावर स्वच्छ कापड अंथरलं, चष्मा लावला आणि झाडाकडे वाकून गंभीरपणे विचारलं, "काय साहेब, बारीक की मध्यम?"

"तुम्हाला थट्टा सुचतेय! मेलंय ते."

"मेलेल्याला कोण सलूनमध्ये आणतं?" त्याने एक मूळ दाबून बघितलं, कापलं. दुसरं दाबलं, कापलं. कापत गेला तशी थट्टा थांबली. "अगं, हे तर टक्कलच होणार."

शेवटी हातात राहिली पानांची मोळी आणि खाली दोनचार मुळांचे तुकडे, त्यातलंही एक अर्धवट. घोटताईने कापलेली मुळं कापडावर गोळा केली. "मीच मारलं याला."

"पाणीच घातलंस ना? विष तर नाही घातलंस."

"तुम्हाला दिसलं नाही का हो? दुकानात नसता तेव्हा घरीच असता ना? कुंडी भरलीय एवढं कळलं नाही?"

नवऱ्याने कात्री पुसत पुसत खाली बघितलं. "मला वाटायचं तू दमून विसरली असशील. म्हणून मी रात्रीपण घालायचो थोडं."

घोटताईने कपाळावर हात मारला. धन्य ते घर! चहूकडून माया करून त्यांनी त्या बिचाऱ्याला बुडवलं होतं.

पुढचे दिवस तिला जड गेले. काम करणाऱ्या हाताला काम करू नकोस म्हणणं म्हणजे शिक्षाच. कामावरून आली की तिचा हात आपोआप पाण्याच्या मगाकडे जायचा. नवऱ्याने एक दिवस तो मगच नेऊन सलूनमध्ये ठेवला. बाईंनी नंतर एवढंच सांगितलं होतं, की मुळं कोरडी, चंदेरी दिसली तरच डबा पाण्यात बुडवायचा, निथळू द्यायचा, आणि पुन्हा विसरायचं. विसरायचं! ती खिडकीपाशी स्टूल घेऊन बसायची आणि न घातलेल्या पाण्याकडे बघत राहायची. आणि बसल्यावर तिला कळलं की आपण किती दमलोय. आजचं नव्हे, कालचं नव्हे, फार मागचं साचलेलं. खांदे, मनगटं, टाचा, सगळे एकदम बोलायला लागले. नवरा समोर जेवणाची ताटं मांडायचा, दोघं जेवायची. खिडकीतलं झाड जसंच्या तसं.

"कसं आहे?" बाई विचारायच्या.

"काही नाही."

"छान," म्हणून बाई घोट घ्यायच्या. आता खबर असायचीच मुळी "काही नाही." त्या दोन शब्दांवर त्या कितीतरी पेले प्यायल्या. मेट्रन एकदा दारातून ऐकत होती, तिला वाटलं दोघींचं डोकं फिरलंय.

पण झाडाचं सुकणं थांबलं तसं बाईंचं ढासळणं थांबेना. आधी जेवण सुटलं, मग कोपरावर उठणं सुटलं. आवाज इतका बारीक झाला की ऐकायला वाकावं लागायचं. डॉक्टर आले, तपासून बाहेर गेले आणि व्हरांड्यात घोटताईला म्हणाले, "आता आग्रह नको. गिळायची ताकद गेलीय. मागितलं तर द्या, नाहीतर कापसाने ओठ ओले ठेवा, बास."

बोलायला काय जातंय डॉक्टरांचं! ते सांगून गाडीत बसून गेले. घोटताईला ते पटलं नाही, पटणं शक्यच नव्हतं. पाणी सोडलं की काय होतं ते तिने बघितलं होतं की नाही? ती आत गेली, बाईंचं डोकं दंडावर घेतलं, चमचा ओठाला लावला.

"बाई, एक घोट. मग खबर सांगते."

बाईंनी तिच्याकडे बघितलं. तोंड उघडलं, ते तिच्यासाठीच. पाणी आत गेलं आणि भलतीकडेच गेलं. ठसका, घरघर, ओठ काळे पडले. सिस्टर धावत आली, घोटताईला खांद्याने बाजूला सारलं, यंत्राची नळी घातली, पाणी ओढून काढलं. श्वास पुन्हा सुरळीत व्हायला किती वेळ गेला कोण जाणे. घोटताई भिंतीला पाठ लावून उभी होती, हातात रिकामा चमचा.

सिस्टर गेल्यावर बाईंनी बोटाने तिला जवळ बोलावलं. ती वाकली.

"माझीपण मुळं बघायचीत का तुला?" बाई कुजबुजल्या. रागाने नव्हे, थकून. "गेलीत गं ती."

घोटताई चादरींच्या खोलीत जाऊन दार लावून रडली. दुःखाने रडली तशी रागानेही रडली. इतकी वर्षं ज्या एका गोष्टीवर उभी होते तीच काढून घेतली की, असं तिला वाटत होतं. पाजू नको तर काय करू? नुसती उभी राहू? ते तिला कुणी शिकवलंच नव्हतं. मग तोंड धुऊन तिने उरलेल्या खोल्यांत पाणी पाजलं, कारण बाकीच्यांची तहान तिच्या रडण्यासाठी थांबणार नव्हती. त्या दिवशी "नको" म्हणणाऱ्या प्रत्येकाकडे ती जरा जास्त वेळ बघत राहिली.

त्यानंतर ती बाईंच्या खोलीत जायची, कापसाने ओठ ओले करायची आणि पटकन बाहेर यायची. खबर विचारायची बाईंच्यात ताकद नव्हती, आणि आपण होऊन सांगायची हिच्यात नव्हती. कारण खबर घोटाबरोबर जायची. घोट नाही तर खबर कशाच्या बदल्यात द्यायची?

मग तिच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी नवरा दात घासता घासता खिडकीपाशी थबकला. "अगं ए," तो तोंडातल्या फेसासकट ओरडला, "याला दाढी फुटतेय!"

घोटताई पीठ लागलेल्या हातांनी धावली. सगळ्यात खालच्या पानाच्या बेचक्यातून एक टोक बाहेर आलं होतं. नखाएवढं, पोपटी, चकचकीत. मूळ. नवीन मूळ. तिने हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. बराच वेळ दोघं बघत उभी राहिली, नवऱ्याचा फेस ओघळून बनियनवर पडला तरी त्याला पत्ता नाही.

"आज तुझी सुट्टी आहे," तो म्हणाला, तिने चपला घातलेल्या बघून.

"माहितीये."

"बसणार होतीस आज."

"तिकडे जाऊन बसते," ती म्हणाली, आणि झाड पिशवीत घालून निघाली. बसमध्ये पिशवी मांडीवर, त्यावर दोन्ही हात, ड्रायव्हरने ब्रेक मारला की मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार.

वृद्धाश्रमाच्या व्हरांड्यातच मेट्रन आडवी आली. पिशवीतून डोकावणारी पानं तिला दिसली. "हे काय? कुंडीला बंदी आहे, ठाऊक नाही तुला? पाणी सांडलं म्हणजे?"

घोटताईने डबा बाहेर काढला आणि झाड हाताने धरून कलंडवला. सालीचे दोनतीन तुकडे पडले. "थेंब नाही याच्यात. बघा हवं तर हात लावून." मेट्रनने खरंच हात लावून बघितला, तिच्या तोंडाकडेही बघितलं, आणि आपल्या खोलीकडे निघून गेली.

बाईंचे डोळे अर्धवट मिटलेले होते. उशाशी पाण्याचा पेला होता, झाकलेला, कुणीतरी सवयीने भरून ठेवलेला. घोटताईने झाड टेबलावर ठेवलं आणि तिचा हात, सांगायला नको, सरळ पेल्याकडेच गेला. बोटं काचेला लागली. ती तिथे थांबली. मग तिने पेला उचलून लांब खिडकीत नेऊन ठेवला, कापूस ओला केला, आणि बाईंच्या ओठांवरून हळूच फिरवला.

"बाई."

"नंबर?" अगदी बारीक आवाज.

"मी आहे. मूळ फुटलं बाई झाडाला. हिरवंगार. हे बघा, तुमच्यासमोरच आणलंय."

बाईंची नजर टेबलापर्यंत पोचायला वेळ लागला. पोचली. तिथेच राहिली. मग त्यांनी ओठ हलवले, आणि घोटताई वाकली तेव्हा ऐकू आलं ते असं:

"मग... घोट?"

त्यांनी खरंच तोंड उघडलं होतं. व्यवहार म्हणजे व्यवहार; खबर मिळाली तर घोट द्यायला हवा. घोटताईने हातातला कापूस बाजूला ठेवला.

"नको," ती म्हणाली. "आजची खबर फुकट."

बाईंनी तोंड मिटलं. चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं, कितीतरी दिवसांनी. ब्लँकेटवरचा हात जरासा सरकला आणि बोटाने भेटायला येणाऱ्यांची खुर्ची दाखवली.

"बस मग," त्या म्हणाल्या.

घोटताईने दाराकडे बघितलं. मग खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि बसली. बसल्याबरोबर पाय ठणकायला लागले, तिने चपला काढून टाकल्या. बाईंचा हात तिने हातात घेतला, पण चिमटा काढला नाही.